मैना अर्ध्यातच थांबते

ऑर्केस्ट्रा असो, कॉलेजचं गॅदरिंग असो नाहीतर टीव्हीवरचा गाण्यांचा शो, 'माझी मैना गावावर राहिली' सुरू झालं की गायक कुठं थांबणार हे मी आता आधीच सांगू शकते. मैनेचं रूप सांगून होतं, तिचं रुसणं होतं, 'माझ्या जिवाची होतिया काहिली'वर शिट्ट्या पडतात, ढोलकीवाला एक जोरदार तुकडा वाजवतो आणि निवेदिका टाळ्या वाजवत स्टेजवर येते, वा वा, काय विरह आहे म्हणत. विरह आहेच, त्यात वाद नाही. पण गाणं कुठं संपलंय? अण्णा भाऊ साठ्यांची ही छक्कड, म्हणजे लावणीच्या जातीचं शाहिरी गाणं, तिथून पुढं अजून भरपूर आहे, आणि मला विचाराल तर ती लिहिली गेली त्या पुढच्या भागासाठीच.

पूर्ण वाचलं नसेल तर वाचाच एकदा. सुरुवातीला मैना गव्हाळ रंगाची, मोठ्या मनाची, गरिबाला ती कशी तर 'काठी आंधळ्याची'. मग गरिबीनं ताटातूट होते, भल्या पहाटे भाकरतुकडा बांधून गडी मुंबईला निघतो, तिला घालवायला आलेली बघून दागिन्यांची आश्वासनं देतो, कोल्हापुरी साज, वज्रटीक, पुतळ्यांची माळ, नाकात सर्जाची नथ, यादीच्या यादी. ती काही हसत नाही. तिला पण कळत असणार की यातलं काय येणार आणि काय नाही. मग तो मुंबईत येतो, आणि इथं गाण्याची गाडी एकदम रूळ बदलते. मुंबई यंत्राची, तंत्राची, जगणाऱ्यांची, मरणाऱ्यांची, शेंडीची, दाढीची, हडसनच्या गाडीची, जॉर्जेटच्या साडीची. आत्ता मैनेच्या अंगावर घालायच्या दागिन्यांची जी यादी होती ना, त्याच चालीत, त्याच यमकात आता दुसऱ्यांच्या श्रीमंतीची यादी चालू होते. ऐकणाऱ्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही की नथ का येत नाहीये.

आणि मग ती ओळ येते जिच्यावर माझा खरा जीव आहे. ऊन, थंडी, पाऊस कशाची पर्वा न करता हा कामाच्या मागं फिरतोय आणि म्हणतो, 'पाण्यानं भरलं खिसं माझं, वाण मला एका छत्रीची'. खिसा भरलाय, पण पाण्यानं! मुंबईच्या पावसात भिजत नाक्यावर उभा राहिलेला माणूस एका ओळीत उभा केलाय, त्यात विनोद आहे, लाज आहे, आणि राग अजून आलेला नाही. राग पुढच्याच ओळींत येतो. त्याच वेळी संयुक्त महाराष्ट्राची चळवळ उठते, बेळगाव, कारवार, निपाणी येतं, छातीवर गोळी येते, मुंबई राज्याचे मुख्यमंत्री राहिलेल्या मोरारजी देसायांचं नाव घेऊन त्यांची गत रावणासारखी झाली म्हटलं जातं, परळ, लालबाग, फाउंटन सगळं येतं, आणि शाहीर बजावतो की पळू नका, 'बिनी मारायची अजून राहिली'. सुरुवातीला मैना राहिली आणि शेवटी लढाई राहिली. शेवटी तो सरळच सांगतो, गावाकडच्या मैनेची भेट नाही तशीच या खंडित महाराष्ट्राची गत झालीय.

एवढं सगळं स्टेजवर कापलं जातं. वेळ नसतो हे कारण खरं आहे, पण पुरं नाही. स्पॉन्सर असतात, समोरच्या रांगेत कुणी ना कुणी आमदार असतो, आणि शिवाय विरहावर कुणाची हरकत नसते.

ज्यांच्यासाठी हे लिहिलं होतं त्यांना मात्र दोन्ही अर्धे जोडलेलेच दिसत असणार. गिरणगावात कोकणातनं आणि घाटावरनं आलेले गडी एकेका खोलीत दहा-दहा, पंधरा-पंधरा राहायचे, पाळी बदलली की झोपायची जागा बदलायची, बायका-पोरं गावाला, जेवण खानावळीत. बायकोला आणून ठेवायला जागा कुठं होती? म्हणजे मैना गावावर राहणं ही कविकल्पना नाहीच, तो पगाराचा आणि खोलीभाड्याचा हिशोब आहे. अण्णा भाऊंनी तो हिशोब प्रेमाच्या बाजूनं मांडायला घेतला आणि सरकारच्या दारात नेऊन पुरा केला. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, पंधरा माणसं गेली, पुढं आकडा वाढत गेला आणि १०५ हुतात्मे हा शब्दच आपल्या बोलण्यात रुळला. त्या काळात भर मैदानात हे गाणं उभं राहिलं की समोर बसलेल्यातले निम्मे तरी त्या गोळीबाराच्या आसपास होते, आणि बाकी सगळ्यांची मैना गावाला होती.

बरं, हा माणूस कोण? सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातलं वाटेगाव, मांग समाजातला जन्म, १९२० चा. शाळा जवळजवळ नाहीच. लहानपणी बापाबरोबर चालत मुंबई गाठली, गिरणीत आणि कुठं कुठं मिळेल ते काम केलं, आणि स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा लिहिला. मला हे कायम भारी वाटत आलंय. रशिया त्यांनी प्रत्यक्ष पाहिला तो १९६१ मध्ये, म्हणजे पोवाड्यानंतर कितीतरी वर्षांनी. तोपर्यंत डफावर लाल सैन्य लढवून झालं होतं आणि परळच्या माणसाला ते आपलंच वाटलं होतं.

पोवाड्याच्या कुळीचा विचार केला तर यातली गंमत अजून वाढते. आज मिळणारा सगळ्यात जुना पोवाडा अफजलखानाच्या वधाचा समजला जातो, अज्ञानदासाचा. म्हणजे पराक्रम गायचा, राजाच्या पदरी गायचा, बक्षीस घ्यायचं, असा हा धंदा. १८६९ साली जोतीराव फुल्यांनी शिवाजीराजांवर पोवाडा लिहिला तेव्हा त्यांनी तोच राजा घेतला, पण ऐकणारा बदलला, कुणबी-माळ्यांना समोर बसवून सांगितला. मग सत्यशोधकांचे जलसे आले, त्यांनी तमाशाचा सांगाडा उचलला, गण-गवळण-बतावणी-वग, आणि त्यात भटजी-शेटजींची टर उडवायला सुरुवात केली. मग आंबेडकरी जलसे. भीमराव कर्डकांच्या जलशाबद्दल बाबासाहेब म्हणाले होते म्हणतात की माझ्या दहा सभा आणि यांचा एक जलसा सारखाच. हे वाक्य इतक्या लोकांनी इतक्या प्रकारे सांगितलंय की नेमके शब्द कुठले ते सोडून द्या, पण जलसेवाल्यांनी ते छातीवर बिल्ल्यासारखं मिरवलं आणि त्यांना तो हक्क होता. गावात सभा घ्यायची तर परवानगी, खुर्च्या, भाषण समजणारी माणसं, सगळंच लागतं. जलशाला कंदील आणि वाडीचा चौक पुरतो.

आता जरा वाद्यांकडं वळते, कारण यावर कुणी लिहीत नाही. एकदा एका मैदानातल्या शाहिरी कार्यक्रमाला मी लवकर पोचले आणि स्टेजच्या मागं गेले. थंडीचे दिवस, हवेत ओल. शाहिराचा जोडीदार उकिडवा बसून रद्दी पेपर जाळत होता आणि त्या जाळावर डफ धरून फिरवत होता, एक बाजू, मग दुसरी, मध्येच बोटानं टिचकी मारायचा, कान लावायचा, मान हलवायचा, परत जाळ. कातडं ओलीनं सैल पडतं, मग डफ भद्द बोलतो. पुढनं आयोजक दोनदा येऊन ओरडून गेले, पाहुणे आले, सुरू करा. याचं एकच उत्तर, 'अजून बोलंना.' शेवटी एकदा टणका आला, त्यानं डफ शाहिराच्या हातात दिला, हात पॅन्टीला पुसले आणि तुणतुणं घेऊन मागं जाऊन उभा राहिला. रात्रभर तीच एक तार. टुंग टुंग टुंग. तुणतुण्याला कुणी टाळी देत नाही, पण ते थांबलं तर शाहीर लटपटेल, सूर आणि ताल दोन्ही त्याच्या जिवावर धरलेले असतात.

आणि झीलकरी. मागं उभे राहून 'जी जी रं जी' करणारे. आपल्याला वाटतं ते नुसतं सजवणं आहे. त्या जी-जी मध्ये शाहीर श्वास घेतो, पुढची ओळ आठवतो, समोर कोण बसलंय ते बघतो, आणि गरज पडली तर ओळच बदलतो. गावचं नाव घालतो, कालच्या लाठीमाराचा उल्लेख घालतो, पोलिसपाटील आला असेल तर त्यालाही एक चिमटा. छापील पोवाडा म्हणजे मला नेहमी पावसाळ्यात वाळत घातलेल्या धोतरासारखा वाटतो, आहे तेवढंच कापड, पण माणूस आत नाही.

लाल बावटा कलापथक हे अशा माणसांचं पथक. १९४४ मध्ये अण्णा भाऊ, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर या तिघांनी उभं केलं. अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, आवाज असा की लाऊडस्पीकर बंद पडला तरी सभा चालू राहायची असं जुने लोक सांगतात, आणि सांगताना अजून स्वतःचा आवाज चढवतात. चळवळीसाठी गाऊन झोळी फिरवायची आणि जमलेले पैसे चळवळीलाच देऊन टाकायचे, हे त्यांनी वर्षानुवर्षं केलं. मुंबई राज्याच्या सरकारनं या कलापथकावर बंदी आणली. तमाशाला आडकाठी आली तेव्हा यांनी त्यालाच लोकनाट्य म्हणून उभं केलं, आणि आज हा शब्द सरकारी अनुदानाच्या फॉर्मवर असतो. असो.

अण्णा भाऊ १८ जुलै १९६९ ला गेले, अमर शेख त्याच वर्षी २९ ऑगस्टला अपघातात. एक मराठीतला दांडगा लिहिणारा आणि एक दांडगा गाणारा, दीड महिन्याच्या आत. अण्णा भाऊंची बरीच वर्षं घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत गेली. पोस्टानं त्यांचं तिकीट काढलं ते २००२ मध्ये. तिकिटावर चेहरा येतो हो, पण छत्रीची ओळ काही येत नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनातलं शाहीर आत्माराम पाटलांचं एक गाणं मला मैनेइतकंच आवडतं. 'संयुक्त महाराष्ट्र उगवतोय सरकारा, खुशाल कोंबडं झाकून धरा'. बस. कोंबडं झाकलं म्हणून सूर्य उगवायचा राहत नाही ही म्हण घराघरात, ती उचलली आणि सरकारला आमंत्रणच देऊन टाकलं, झाका बाबा, खुशाल झाका. यात शिवी नाही, घोषणा नाही, पण हसू फुटतं, आणि ज्या सरकारला लोक हसले त्या सरकारची भीती राहत नाही. निषेधाची गाणी म्हटली की आपण मुठी आवळलेली, दात-ओठ खाल्लेली गाणी आठवतो. माझ्या अनुभवात जी टिकली त्यातली बरीचशी गमतीची आहेत, किंवा निदान सुरुवात तरी गमतीनं करतात.

गाणी अर्धी कापायचा विषय निघालाच आहे तर भीमगीतं लिहिणाऱ्या वामनदादा कर्डकांकडं गेल्याशिवाय राहवत नाही. सिन्नर तालुक्यातलं देशवंडी, जन्म १९२२, १५ ऑगस्टचा. मुंबईत चाळीत राहत असताना एका माणसानं पत्र आणून दिलं, जरा वाचून दाखवा म्हणून, आणि यांना अक्षरओळखच नव्हती. ती लाज इतकी लागली की मोठेपणी बाराखडी गिरवली, रस्त्यावरच्या पाट्या जोडून जोडून वाचायला शिकले. आणि मग हजारोंनी गाणी लिहिली. पहिलं गाणं १९४३ चं, हिंदी सिनेमाच्या गाण्याच्या चालीवर केलेलं विडंबन.

चालीचं हे प्रकरण समजून घ्यायचं असेल तर ६ डिसेंबरला दादरला जावं. चैत्यभूमीची रांग आणि शिवाजी पार्कातली पुस्तकांची दुकानं सगळ्यांना माहितीयत, मी म्हणतेय त्या पातळ पुस्तिका, भीमगीतांच्या, पिन मारलेल्या, चकचकीत कव्हरच्या. त्यातलं कुठलंही पान उघडा, गाण्याच्या वर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, 'चाल :', आणि पुढं एखाद्या गाजलेल्या सिनेगीताचे पहिले दोन-तीन शब्द. स्वरलिपी नाही, राग नाही, संगीतकार नाही. ते दोन शब्द वाचले की वाचणारा गुणगुणायलाच लागतो. मी तिथं एका बाईंना बघितलं, पुस्तिका घेतली, पान उघडलं, वरची चाल वाचली, ओठ हलायला लागले, आणि पैसे देईपर्यंत त्यांचं पहिलं कडवं म्हणून झालं होतं, शेजारची पोरगी धृपद धरत होती. गाणं छापल्यापासून गायला जाईपर्यंत मध्ये काय लागलं? काहीच नाही.

काही शहाणे लोक याला चोरी म्हणतात, उसनी चाल म्हणतात. अहो, उसनी तर उसनी. ज्याच्याकडं पेटी नाही, स्टुडिओ नाही, रेडिओवर ओळख नाही, त्यानं चाल कुठून आणायची? लोकांच्या कानात सिनेमावाल्यांनी फुकट पेरून ठेवलेली आहे, ती घ्यायची आणि त्यात आपलं बी टाकायचं. सगळ्याच वेळी जमतं असं नाही, हेही सांगते. कधीकधी चाल इतकी चावट असते की त्यावर महापरिनिर्वाणाचं गाणं बेतलेलं ऐकून कसंतरीच होतं, आणि मूळ गाण्यातली हिरोईन डोळ्यासमोरून जाता जात नाही. पण जमतं तेव्हा असं जमतं की मूळ गाणं मागं पडतं.

वामनदादांचा 'सांगा धनाचा साठा न आमचा वाटा कुठाय हो' हा सवाल घ्या. त्यात टाटा, बिर्ला, बाटा अशी नावं सरळ घेतलीयत, यमक जुळतंय म्हणून लहान पोरंही म्हणतात, आणि म्हणता म्हणता मालमत्तेच्या वाटपाचा प्रश्न विचारून मोकळी होतात. अर्थशास्त्राच्या पुस्तकाला हे जमलं नसतं. कुठाय हो? हे 'हो' ऐका नीट. नम्रपणे विचारल्यासारखं आहे, भाऊबंदकीत वाटणी मागताना थोरल्या भावाला विचारावं तसं, आणि म्हणूनच टाळता येत नाही.

पण त्यांचं सगळ्यात जास्त वाजणारं गाणं म्हणजे 'भीमा तुझ्या मताचे जर पाच लोक असते'. १४ एप्रिलला हे कानावर पडलं नाही असं होतच नाही. डीजेच्या भिंतीवरून, बेस इतका की पोटात हलतं, पोरं नाचतायत, निळा गुलाल उडतोय. नाचावं, जयंतीला नाचायचं नाही तर कधी नाचायचं, मला नाचण्याबद्दल काही म्हणायचं नाही. पण ते गाणं काय म्हणतंय ते जरा ऐका. तुझ्या मताचे पाच लोक असते तर. म्हणजे नाहीत! पाचसुद्धा नाहीत! पुढं तर स्पष्टच आहे, 'वाणीत भीम आहे, करणीत भीम असता, वर्तन तुझ्या पिलांचे सारेच चोख असते'. हे आपल्याच माणसांना दिलेले रट्टे आहेत, शत्रूवर नाहीतच. सरकारवर, सावकारावर गाणं लिहिणं एक वेळ सोपं, टाळ्या ठरलेल्या. आपल्याच मिरवणुकीच्या तोंडावर आरसा धरायचा आणि वर असं लिहायचं की ती मिरवणूकच त्यावर नाचेल, हे फार थोड्यांना साधलं.

डीजेत आणखी एक होतं. रिमिक्सवाला धृपद घेतो, पहिलं कडवं घेतो, परत धृपद, परत धृपद. शेवटचं कडवं जातं. आणि शाहिराचं नाव असतं शेवटच्या कडव्यात. तुकोबांच्या अभंगात 'तुका म्हणे' येतं ना, तसंच वामनदादा शेवटी 'वामन' म्हणून स्वतःला गुंफतात, अण्णा भाऊंच्या छक्कडीत पण 'म्हणे अण्णा भाऊ साठे' शेवटाकडंच येतं. जिथं नाव असतं तिथंच बहुतेक वेळा सगळ्यात टोकदार बोलणं असतं, कारण सही करून बोललेलं असतं ते. म्हणजे एक कात्री मारली की डंख जातो आणि त्याच कात्रीत डंख करणाराही जातो. मग यूट्यूबवर खाली लिहिलेलं दिसतं, गीत : पारंपरिक. पारंपरिक म्हणे! माणूस २००४ पर्यंत जिवंत होता.

विलास घोगरेंबद्दल लिहायला मला नीट जमत नाही, थोडक्यात लिहिते. आव्हान नाट्य मंचचे शाहीर, मुलुंडच्या वस्तीत राहायचे, मराठीत आणि हिंदीत लिहायचे, झोपडपट्टी पाडायला येणाऱ्या गाड्यांसमोर त्यांचा आवाज असायचा. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले. चार दिवसांनी घोगरेंनी स्वतःचं आयुष्य संपवलं. डोक्याला निळी पट्टी बांधलेली होती, आयुष्यभर लाल झेंड्याखाली गायलेल्या माणसानं. आनंद पटवर्धन यांनी त्यानंतर चौदा वर्षं लावून 'जय भीम कॉम्रेड' ही डॉक्युमेंटरी केली, लाल आणि निळ्याच्या, म्हणजे डाव्या आणि आंबेडकरी चळवळीच्या, मधली ती फट बघायची असेल तर ती बघावी. मला त्यात घोगरेंचा गातानाचा चेहरा आठवतो, आणि मग लिहिणं थांबतं.

संभाजी भगत त्याच आव्हान नाट्य मंचातले. त्यांची गाणी २०१४ च्या 'कोर्ट' सिनेमात आहेत, जिथं एका म्हाताऱ्या शाहिरावर खटला चालतो, का तर त्याच्या गाण्यामुळं एका गटार कामगारानं जीव दिला म्हणे. शाहिराचं काम केलं होतं वीरा साथीदार यांनी, जे स्वतः नागपूरचे जुने कार्यकर्ते होते आणि २०२१ मध्ये कोविडमध्ये गेले. सिनेमा बघताना मला खटल्यापेक्षा गाणं कोर्टात ज्या पद्धतीनं वाचलं जातं त्याची गंमत वाटली. डफ नाही, चाल नाही, झील नाही, नुसते शब्द, कागदावरनं, सरकारी आवाजात. तसं वाचलं तर कुठलंही गाणं गुन्ह्यासारखंच वाटेल, किंवा वेडगळ. डफ का तापवतात ते तिथं कळतं.

बायकांचं काय, असा प्रश्न आत्तापर्यंत तुम्हाला पडायला हवा होता. शाहीर म्हटलं की फेटा, मिशी, डफ. पण बाईमाणसाची तक्रार जात्यावर आधीपासून चालूच होती, सासूविरुद्ध, नशिबाविरुद्ध, दारुड्या नवऱ्याविरुद्ध, आणि नंतर भीमाच्या बाजूनं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ या संशोधकांनी खेड्यापाड्यांतनं एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, आणि मला त्यातली आवडलेली गोष्ट म्हणजे ओवीसोबत गाणारणीचं नाव आणि गाव नोंदवलं. पारंपरिक लिहून मोकळे झाले नाहीत. पुढं बायकांच्या चळवळीत 'डोंगरी शेत माझं गं' पोचलं, ते नारायण सुर्व्यांचं, म्हणजे लिहिणारा पुरुष आणि गिरणगावातला कवी, पण शिबिरा-शिबिरातनं, मोर्च्यातनं बायकांनी ते असं काही उचललं की सुर्व्यांचं आहे हे कित्येकींना माहीतच नसतं. आणि कडूबाई खरात. संभाजीनगरच्या. हातात एकतारी, मागं कसला ऑर्केस्ट्रा नाही, मोबाईलवर कुणीतरी घेतलेला व्हिडिओ आणि 'तुम्ही खाता त्या भाकरीवर बाबासाहेबाची सही हाय रं'. दारोदार गाऊन पोट भरलेली बाई, ती भाकरीवर सही म्हणते तेव्हा ती भाकरी खरोखर भाकरी असते. हा व्हिडिओ कापायला लागत नाही. मुळात साज नाही, बँड नाही, कुठून कापणार?

मग नवीन पोरं काय करतायत, तर रॅप करतायत. आमच्या पिढीतले काही जण नाक मुरडतात, हे काय बडबडणं म्हणून. पण अण्णा भाऊंची ती मुंबईची यादी मोठ्यांदा म्हणून बघा, यंत्राची तंत्राची शेंडीची दाढीची, एका दमात, हाताचा ठेका धरून, आणि मग सांगा मला की हा रॅप नाही. फरक एवढाच की जी-जी करणारा मागं नाही, म्हणून पोराला श्वास घ्यायला जागा नाही आणि समोरचा बघून ओळ बदलायची सोय नाही, एकदा अपलोड केलं की केलं. त्याची किंमतही मोजावी लागते. २०२३ च्या एप्रिलमध्ये संभाजीनगरच्या एका तरुण रॅपरवर अंबरनाथला गुन्हा दाखल झाला, पन्नास खोक्यांच्या गाण्यावरून, सत्ताधारी पक्षाच्या युवा शाखेतल्या एका पदाधिकाऱ्याच्या तक्रारीवरून. अण्णा भाऊंनी मोरारजींचं नाव धडधडीत घेतलं होतं. या पोरानं गाण्यात कुणाचंच नाव घेतलं नव्हतं. तरी तक्रार करणाऱ्याला बरोब्बर कळलं की गाणं कुणावर आहे.